काडतूस पुनर्भरण

एकदा झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी टाकून न देता तिच्यात नवी टोपी, मोजून घेतलेली दारू आणि नवी गोळी बसवून ते पुन्हा वापरण्याजोगे करणे, यास काडतूस पुनर्भरण म्हणतात. नेमबाजांमध्ये यासाठी रिलोडिंग किंवा हँडलोडिंग हे शब्द रूढ आहेत. अमेरिकेची संयुक्त संस्थाने, कॅनडा, युरोपातील अनेक देश आणि ऑस्ट्रेलिया येथे हा नेमबाजीला जोडून असलेला मोठा छंद आहे. खर्चात बचत, अधिक अचूकता, बाजारात न मिळणाऱ्या काडतुसांची गरज आणि स्वतःच्या हाताने वस्तू घडवण्याचा आनंद ही त्याकडे वळण्याची मुख्य कारणे होत.

महाराष्ट्रात काडतुसे बनवणारे शासकीय कारखाने आहेत आणि या राज्याने जागतिक दर्जाचे नेमबाज घडवले आहेत. असे असूनही येथे पुनर्भरणाचा छंद रुजलेला नाही. त्यामागे शस्त्रविषयक कायदा, शिकारबंदी आणि येथील नेमबाजांच्या क्रीडाप्रकारांचे स्वरूप अशी तीन कारणे आहेत.

## संज्ञा

मराठीतील काडतूस हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला आहे. बंदूक भरण्याच्या क्रियेला मराठीत बार भरणे आणि झाडण्याच्या क्रियेला बार काढणे किंवा बार उडवणे म्हणतात. दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून घालून गजाने ठासावी लागणाऱ्या बंदुकीला ठासणीची बंदूक म्हणतात. झाडलेल्या काडतुसाच्या पितळी किंवा प्लॅस्टिकच्या उरलेल्या आवरणाला पुंगळी ही संज्ञा पोलीस पंचनाम्यात आणि वृत्तपत्रांतही वापरली जाते.

रिलोडिंग आणि हँडलोडिंग हे शब्द बहुधा समानार्थी वापरले जातात. काटेकोरपणे पाहिल्यास रिलोडिंग म्हणजे वापरलेली पुंगळी पुन्हा भरणे, तर हँडलोडिंगमध्ये कोऱ्या पुंगळीपासून हाताने काडतूस तयार करणेही येते.

## काडतुसाची रचना

आधुनिक काडतुसाचे चार घटक असतात : पुंगळी, टोपी म्हणजे प्रायमर, धूरविरहित दारू आणि गोळी. छर्ऱ्याच्या बंदुकीच्या काडतुसात गोळीऐवजी छर्रे असतात आणि छर्रे व दारू यांच्यामध्ये वॅड नावाचा बुच असतो. बार उडाल्यावर टोपी, दारू आणि गोळी खर्च होतात. पुंगळी मात्र उरते. रायफलच्या काडतुसात हाच घटक सामान्यतः सर्वांत महाग असतो आणि नीट निगा राखल्यास तो अनेकदा वापरता येतो. पुनर्भरणाचे सारे अर्थकारण या एका गोष्टीवर उभे आहे.

सर्वच काडतुसे पुन्हा भरता येत नाहीत. टोपी कोठे आहे यावरून काडतुसांचे दोन वर्ग पडतात.

* मध्यदाही काडतूस : टोपी पुंगळीच्या बुडाशी मधोमध स्वतंत्रपणे बसवलेली असते. ती काढून नवी बसवता येते, म्हणून पुनर्भरण शक्य होते. १८६०च्या दशकात अमेरिकेतील हायरम बर्डन आणि ब्रिटनमधील एडवर्ड बॉक्सर यांनी टोपी बसवण्याच्या दोन वेगळ्या पद्धती आणल्या. बॉक्सर पद्धतीत पुंगळीला मध्यभागी एकच छिद्र असल्याने जुनी टोपी सुईने सहज बाहेर ढकलता येते. बर्डन पद्धतीत छिद्रे लहान आणि बाजूला असल्याने हे काम अवघड होते. त्यामुळे पुनर्भरण करणारे बॉक्सर पद्धतीची पुंगळी पसंत करतात.
* कडदाही काडतूस : यात स्फोटक मिश्रण पुंगळीच्या कडेच्या पोकळीत पसरलेले असते. घोड्याच्या आघाताने ती कड चेपली जाते आणि पुंगळी कायमची निकामी होते. ऑलिंपिकमधील .२२ रायफल आणि पिस्तुलाची काडतुसे या वर्गातील आहेत.

## इतिहास

ठासणीच्या बंदुकीच्या काळात प्रत्येक बार हातानेच भरावा लागे, त्यामुळे पुनर्भरण ही वेगळी कल्पनाच नव्हती. जेम्स आउट्रमने १८२५ साली खानदेशात भिल्ल पलटण उभारली, तेव्हा सैनिकाची आणि शिकाऱ्याची बंदूक याच जातीची होती. १८५७च्या उठावात वादग्रस्त ठरलेले एन्फिल्ड रायफलचे काडतूसही कागदाच्या गुंडाळीत बांधलेली दारू आणि गोळी एवढेच होते. ते दाताने फाडून दारू नळीत ओतावी लागे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धातूच्या पुंगळीचे काडतूस आले आणि टाकून द्यावे की पुन्हा भरावे हा प्रश्न प्रथमच निर्माण झाला. अमेरिकेच्या पश्चिमेकडील गवताळ प्रदेशात रानरेड्यांची शिकार करणारे लोक दुकानांपासून फार दूर असत. ते पुंगळ्या जपून ठेवत आणि मुक्कामावर शिसे वितळवून गोळ्या ओतत. वसाहतींमध्ये फिरणाऱ्या शिकाऱ्यांसाठी इंग्लंडमधील कारखाने पुन्हा भरता येतील अशी संपूर्ण पितळी १२ बोअर काडतुसे विकत. सुरुवातीच्या टोप्यांमधील पाऱ्याच्या संयुगामुळे पितळ ठिसूळ होत असे, त्यामुळे पुंगळीचे आयुष्य कमी असे. टोपीतील रसायने बदलल्यावर ही अडचण दूर झाली.

पुनर्भरणाच्या भीतीमुळे ब्रिटिश सरकारने भारतात केलेल्या एका बंदीचा परिणाम जगभरातील बंदूकनिर्मितीवर झाला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात .४५० व्यासाच्या शिकारी रायफली आणि त्यांची काडतुसे भारतात आणण्यास मनाई करण्यात आली. जुन्या लष्करी मार्टिनी-हेन्री रायफलीचा व्यासही .४५० होता. शिकारी काडतुसांतील गोळ्या काढून बंडखोर त्यांनी मार्टिनीच्या रिकाम्या पुंगळ्या भरतील, अशी सरकारला धास्ती होती. भारताची बाजारपेठ हातची जाऊ नये म्हणून इंग्लंडच्या बंदूककारांनी .४६५, .४७० असे नवे व्यास काढले. हत्ती आणि वाघ यांच्या शिकारीशी ज्यांचे नाव जोडले गेले, ती ही काडतुसे या बंदीतून जन्मली.

छंद म्हणून पुनर्भरणाचा प्रसार मुख्यतः अमेरिकेत झाला. दुसऱ्या महायुद्धात सर्व दारूगोळा सैन्याकडे वळल्याने नागरिकांना गोळ्या मिळेनाशा झाल्या. कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल येथे फ्रेड हंटिंग्टन यांनी १९४३ साली .२२च्या टाकाऊ पुंगळ्यांपासून गोळ्यांची आवरणे दाबून काढणारा साचा बनवला. पुढे आरसीबीएस ही पुनर्भरण साधनांची प्रसिद्ध कंपनी त्यातूनच उभी राहिली. युद्धानंतर सिएरा, हॉर्नडी यांसारख्या कंपन्या सुट्या गोळ्या विकू लागल्या. १९५८ साली रिचर्ड ली यांनी हातोडीच्या साहाय्याने वापरायचा स्वस्त संच बाजारात आणला. त्यामुळे महाग यंत्र न घेताही हा छंद सुरू करणे शक्य झाले.

## पुनर्भरणाकडे वळण्याची कारणे

### खर्च

बहुतेक जण खर्च वाचवण्यासाठी सुरुवात करतात. ट्रॅप या प्रकाराच्या पात्रता फेरीत १२५ चकत्या उडवल्या जातात आणि प्रत्येक चकतीवर दोन बार टाकण्याची मुभा असते. अशा स्पर्धेच्या तयारीसाठी वर्षभरात हजारो काडतुसे लागतात. पुंगळी पुन्हा वापरल्यास प्रत्येक बाराचा खर्च उतरतो. मोठ्या व्यासाच्या शिकारी रायफलींच्या बाबतीत ही बचत अधिक ठळक असते, कारण त्यांची तयार काडतुसे फार महाग असतात.

प्रत्यक्षात एकूण खर्च क्वचितच कमी होतो. प्रेस, साचे, तराजू आणि मापके यांवर आधी मोठी रक्कम घालावी लागते. शिवाय काडतूस स्वस्त पडू लागले की सराव वाढतो. पुनर्भरणाने पैसे वाचत नाहीत, तेवढ्याच पैशांत बार अधिक उडतात, असे या छंदातील जुने लोक सांगतात. स्वस्त आणि मुबलक मिळणाऱ्या पिस्तुलाच्या काडतुसांत बचत इतकी थोडी असते की खर्ची पडलेल्या वेळेचा विचार केल्यास ती उरतही नाही.

### अचूकता

खर्चासाठी आलेला नेमबाज बहुधा अचूकतेसाठी या छंदात टिकतो. कारखान्यातील काडतूस त्या व्यासाच्या प्रत्येक बंदुकीत सुरक्षितपणे चालावे अशा बेताने बनवलेले असते. परंतु एकाच कारखान्यातून निघालेल्या दोन रायफलींच्या नळ्याही तंतोतंत सारख्या नसतात. प्रत्येक नळीला एखाद्या विशिष्ट वजनाची गोळी, विशिष्ट दारू आणि गोळी बसवण्याची विशिष्ट खोली अधिक मानवते. हाताने काडतूस भरणारा नेमबाज ही जुळणी स्वतःच्या बंदुकीसाठी शोधू शकतो.

दुसरा लाभ सातत्याचा आहे. दारूच्या वजनात किंचित फरक पडला तरी गोळीचा वेग बदलतो. जवळच्या लक्ष्यावर तो फरक दिसत नाही, मात्र ३०० मीटर किंवा १,००० यार्डांवर गोळी खाली किंवा वर लागते. दारूचे वजन ग्रेन या एककात मोजतात. एका पौंडात ७,००० ग्रेन असतात, म्हणजे एक ग्रेन सुमारे ०.०६५ ग्रॅम होतो. लांब पल्ल्याचे नेमबाज ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत वजन जुळवतात. बेंचरेस्ट आणि एफ-क्लास या स्पर्धांत हाताने भरलेली काडतुसे जवळजवळ सर्वमान्य झाली आहेत.

### न मिळणारी काडतुसे

वारसाहक्काने आलेली किंवा संग्राहकाने जपलेली जुनी बंदूक पुष्कळदा उत्तम स्थितीत असते, पण तिची काडतुसे बनणे बंद झालेले असते. अशा वेळी दुसऱ्या काडतुसाची पुंगळी कापून आणि साच्यात दाबून हवा तो आकार देता येतो. युरोप व अमेरिकेत अनेक ऐतिहासिक बंदुका केवळ पुनर्भरणामुळे आजही मैदानावर वापरल्या जातात.

### विशेष भार

नवशिक्या, वयोवृद्ध किंवा खांद्याला दुखापत झालेल्या नेमबाजाला बंदुकीचा धक्का सोसत नाही. त्याच्यासाठी सौम्य भाराचे काडतूस तयार करता येते. प्रॅक्टिकल नेमबाजीत गोळीचे वजन आणि वेग यांच्या गुणाकारावरून शक्तिगुणांक काढतात आणि तो ठरावीक मर्यादेखाली असून चालत नाही. मर्यादा जेमतेम ओलांडणारे काडतूस बनवले, तर नियमही पाळला जातो आणि धक्काही कमी बसतो. शिकारीला परवानगी असलेल्या देशांत प्राण्याच्या आकारानुसार गोळी निवडता येते.

### टंचाई आणि स्वावलंबन

युद्ध, निवडणुका किंवा कायदा बदलण्याची शक्यता यांमुळे बाजारातील काडतुसे अचानक संपतात. घटकांचा साठा असलेल्या नेमबाजाचा सराव अशा काळात खंडित होत नाही. परंतु हे स्वावलंबन अपुरेच असते, कारण टोप्या आणि दारू घरी बनवता येत नाहीत आणि टंचाईच्या काळात आधी त्याच दुर्मिळ होतात.

### हस्तकौशल्याचा आनंद

पुंगळी तपासणे व स्वच्छ करणे, साच्यात घालून मूळ आकारात आणणे, टोपी बसवणे, दारू तोलणे आणि गोळी बसवणे ही कामे शांतपणे, क्रमाने करावी लागतात. प्रत्येक तुकडीची नोंद वहीत ठेवावी लागते आणि मैदानावर तिचा परिणाम लगेच दिसतो. प्रयोग करावा, मोजावे आणि सुधारावे या चक्रात अनेकांना नेमबाजीइतकाच रस वाटतो.

## कायदा

### भारत

शस्त्र अधिनियम, १९५९ मधील दारूगोळ्याची व्याख्या व्यापक आहे. तयार काडतुसांबरोबर दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो बनवण्याची यंत्रसामग्रीही तिच्यात मोडते. कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळ्याची निर्मिती किंवा विक्री करता येत नाही. बंदूक बाळगण्याचा परवाना हा काडतुसे बनवण्याचा परवाना ठरत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर बेकायदा निर्मितीसाठी कलम २५ अन्वये किमान ७ वर्षे आणि कमाल जन्मठेप अशी शिक्षा आहे. दारूच्या साठ्याला स्फोटकांविषयीचे कायदेही लागू होतात.

बंदूकधारकाने किती काडतुसे घ्यावीत याची मर्यादा त्याच्या परवान्यावर नमूद असते आणि दुकानदाराला प्रत्येक विक्रीची नोंद ठेवावी लागते. काडतूस घरी तयार होऊ लागल्यास या मोजणीला अर्थ उरत नाही. कायद्याच्या कडकपणामागील हे मुख्य कारण आहे.

### अन्य देश

अमेरिकेत वैयक्तिक वापरासाठी पुनर्भरण करण्यास संघराज्याचा परवाना लागत नाही, विक्रीसाठी मात्र लागतो. जर्मनीत स्फोटक कायद्याच्या कलम २७ नुसार प्रशिक्षण घेऊन परवाना मिळवावा लागतो. ब्रिटनमध्ये २००६च्या कायद्याने टोप्यांची विक्री समोरासमोर आणि पात्रतेचा पुरावा पाहूनच करण्याचे बंधन आले.

## महाराष्ट्रातील स्थिती

### काडतुसांचे कारखाने

पुण्याजवळील खडकी येथील दारूगोळा कारखाना १८६९ साली स्थापन झाला. सैन्यासाठीच्या दारूगोळ्याबरोबर नागरी परवानाधारकांची काडतुसेही तेथे बनतात. १२ बोअरचे शक्तिमान हे काडतूस त्यांपैकी सर्वपरिचित आहे.

खानदेशातही या उद्योगाचे केंद्र आहे. धुळे जिल्ह्यातील नरडाणा ज्या तापी खोऱ्यातील लोहमार्गावर आहे, त्याच मार्गाने पूर्वेकडे गेल्यास जळगावनंतर भुसावळ लागते. तेथील आयुध निर्माणी १९४९ सालची असून तेथे दारूगोळ्याची वेष्टने व पेट्या बनतात. भुसावळ तालुक्यातीलच वरणगाव येथील निर्माणी १९६४ साली सुरू झाली. तेथे ५.५६ मिमी आणि ७.६२ मिमी व्यासाची काडतुसे सेनादलांसाठी तयार होतात. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळाची पुनर्रचना झाली. त्या वेळी खडकी आणि वरणगाव म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे, तर भुसावळ यंत्र इंडिया लिमिटेडकडे गेले.

### क्रीडा नेमबाजी

महाराष्ट्राच्या नामवंत नेमबाजांचे यश मुख्यतः हवेच्या दाबावर चालणाऱ्या बंदुका आणि .२२ कडदाही बंदुका यांत आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिक येथे ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात विश्वविजेत्या झाल्या. राही सरनोबत यांनी २०१८च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले. स्वप्नील कुसाळे यांनी २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक जिंकले. या तिन्ही प्रकारांतील काडतूस पुन्हा भरता येत नाही.

तरीही बंदूक आणि काडतूस यांची जुळणी साधण्याची गरज या नेमबाजांनाही असते. ५० मीटरवरील लक्ष्यात दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास केवळ १०.४ मिलिमीटर असतो आणि अंतिम फेरीत गुण दशांशात मोजले जातात. त्यामुळे अव्वल नेमबाज आपली रायफल काडतूस कंपनीच्या चाचणी केंद्रात नेऊन शिकंज्यात बसवतात, वेगवेगळ्या तुकड्यांची काडतुसे झाडून पाहतात आणि जी तुकडी सर्वांत लहान वर्तुळात लागते तिचा साठा घेतात. मध्यदाही काडतुसाचा नेमबाज जे प्रेसवर भरून साधतो, ते हे नेमबाज निवडीतून साधतात.

### जुन्या शिकारी बंदुका

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ आणि त्यातील १९९१ची दुरुस्ती यांमुळे हौशी शिकार संपली. १९८०च्या दशकात नागरिकांसाठी बंदुकांच्या आयातीवरही कडक निर्बंध आले. संस्थानिकांच्या आणि जुन्या शिकारी घराण्यांच्या कपाटांत .३७५, .४०५ किंवा .४२३ यांसारख्या व्यासांच्या रायफली राहिल्या, पण त्यांची काडतुसे मिळणे दुरापास्त झाले. अन्य देशांत अशा वेळी पुनर्भरण हा सरळ उपाय असतो. येथे तो खुला नसल्याने अनेक बंदुका केवळ परवान्याच्या नूतनीकरणापुरत्या उरल्या आहेत.

### ठासणीची बंदूक

महाराष्ट्रात हाताने बार भरण्याची परंपरा ठासणीच्या बंदुकीच्या रूपाने टिकून आहे. शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ मध्ये पिकांच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची स्वतंत्र तरतूद आहे. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी जिल्ह्यांत शेतसंरक्षणाचे असे परवाने असलेले शेतकरी आहेत. रानडुक्कर आणि माकडे यांच्या उपद्रवापासून भातशेती व बागा राखणे हा त्यांचा हेतू असतो. मात्र वन्यप्राणी मारण्यासाठी वन्यजीव कायद्याची परवानगी वेगळी लागते, त्यामुळे पुष्कळदा आवाजाने जनावर हाकलणे एवढाच या बंदुकीचा उपयोग असतो.

या शेतकऱ्याच्या दृष्टीने हाताने बार भरणे हा छंद नाही, बंदूक तशीच चालते. दारूचे माप, ठासण्याचा जोर आणि टोपी कोरडी ठेवण्याची काळजी यांवर बार उडणे अवलंबून असते. कोकणातील पावसाळ्यात ओलसर दारूमुळे बार फुसका जाणे ही नेहमीची अडचण आहे. निवडणुकांच्या काळात परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. पीक उभे असताना तशी वेळ आल्यास शेतकऱ्यांची गैरसोय होते आणि सूट मिळावी अशी मागणी होत असते.

## धोके

पुनर्भरणातील चूक प्राणघातक ठरू शकते. दारू दोनदा पडणे, चुकीच्या जातीची दारू वापरणे किंवा गोळी फार खोल बसणे यामुळे नळीतील दाब वाढून बंदूक फुटू शकते. दारू अजिबात न पडल्यास टोपीच्या जोरावर गोळी नळीत अर्ध्यावर अडकते आणि पुढचा बार उडवताच स्फोट होतो. अनेकदा वापरलेल्या पुंगळीला बुडाजवळ तडा जाऊ शकतो. टोप्यांच्या अवशेषांतील व गोळ्या ओततानाच्या शिशामुळे विषबाधेचाही संभव असतो. म्हणून परवानगी असलेल्या देशांत उत्पादकांनी प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांबाहेर न जाणे, एका वेळी एकाच जातीची दारू मेजावर ठेवणे आणि दुसऱ्याने भरलेले काडतूस न वापरणे हे नियम कसोशीने पाळले जातात.

## हे सुद्धा पहा

* काडतूस
* ठासणीची बंदूक
* नेमबाजी
* शस्त्र अधिनियम, १९५९
* आयुध निर्माणी वरणगाव
* दारूगोळा कारखाना खडकी